मीठ पडलं

आम्हाला ती तबकडी दिसली नाही.

हे वाक्य मी लिहिलंच नाही असं समजा. मीही तसंच समजून पुढे लिहिणार आहे. कारण गोष्ट ज्या दिवसाची आहे त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं, आणि सगळे अगदी मजेत होते.

तर, चौदा ऑक्टोबर, गुरुवार, दुपारचे साडेचार. पुण्यात एका टेकडीला टेकून असलेल्या आमच्या खगोलशास्त्राच्या संस्थेचं कॅन्टीन. मी स्टीलच्या एका रिकाम्या ताटाच्या मधोमध वाटी पालथी घातली आणि म्हणालो, "हा तारा."

"ही वाटी," नलूकाकी म्हणाल्या.

"वाटी म्हणजे तारा असं समजा."

"समजले. नंतर घासणार कोण, तारा की तू?"

नलूकाकी कॅन्टीन चालवायच्या. माझं त्यांच्यापाशी काम होतं ते त्यांच्या सहीचं. आमच्या गटाचे प्रमुख डॉ. उपळेकर यांचा एक नियम होता: दुर्बिणीला कुठलीही फाइल पाठवण्याआधी ती अशा एका माणसाला समजावून सांगायची, ज्याला आकाशाचं काहीही पडलेलं नाही. समजावताना आपली चूक आपल्यालाच ऐकू येते, असं सरांचं म्हणणं. 'मला समजलं' अशी त्या माणसाची सही असलेला कागद सरांच्या टेबलावर ठेवावा लागे. संस्थेत आकाशाचं काहीही न पडलेली माणसं दोनच होती. एक प्रशासन अधिकारी बुरांडे, जे सही करण्याआधी प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती मागत. म्हणून मग सगळे नलूकाकींकडे. त्यांनी तोवर एकतीस फाइलींवर सह्या केल्या होत्या आणि कृष्णविवरांबद्दल त्यांची मतं प्रतिकूल होती.

"काकी, साडेपाचच्या आत फाइल पोचायला हवी."

"मग आत्ता साडेचार वाजेपर्यंत काय करत होतास?"

"झोपलो होतो," मी खरं सांगितलं. आदल्या दिवशी फाइल पूर्ण झाली म्हणून मी स्वतःला सुट्टी दिली होती. सकाळी येऊन नाश्ता केला होता, मग वाचनालयात बसून विश्रांती घेतली होती. नोकरीला लागून मला चार महिने झाले होते. ही माझी पहिली फाइल. मला ती फार आवडत होती.

फाइल माझी असली तरी तारा शर्वाणीताईचा होता. शर्वाणी घाटपांडे आमच्या गटात पीएचडी करत होती, पाचवं वर्ष. एका ताऱ्याभोवती धुळीची तबकडी फिरते आहे, पुढेमागे तिच्यातूनच ग्रह व्हायचे, असं तिने तीन प्रकरणांत आकडेमोड करून दाखवलं होतं. चौथ्या प्रकरणासाठी तबकडीचा फोटो हवा होता. फोटोसाठी अवकाशातल्या दुर्बिणीवर वेळ हवा होता. तो तिने मागितला, दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्या वेळी मिळाला: दुर्बीण पृथ्वीभोवती दोन चकरा मारेल तेवढा. शिष्यवृत्ती एकतीस मार्चला संपत होती. जर्मनीतल्या एका विद्यापीठात एप्रिलपासून तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली होती, तोवर प्रबंध दिलेला असेल तर. म्हणजे फोटो आला की प्रकरण, प्रकरण झालं की प्रबंध, प्रबंध दिला की जर्मनी. आणि ह्या सगळ्या गाडीची पहिली किल्ली, म्हणजे दुर्बीण नेमकी कशी धरायची हे ठरवणं, तिने मला दिली होती. का, ते मला आजही नीट कळलेलं नाही. म्हणाली होती, "शिकशील."

"बोल पुढे," नलूकाकी म्हणाल्या. "माझी कणीक राहिलीये."

"काकी, जत्रेत हॅलोजनचा दिवा असतो ना? त्याच्या अगदी शेजारी कुणी उदबत्ती लावली तर तिचा धूर दिसेल?"

"धूर कसला दिसतोय. डोळे दिपतील."

"मग बघायचाच असेल तर?"

"दिव्यावर हात धरीन."

"तेच. तारा म्हणजे हॅलोजन, तबकडी म्हणजे धूर. दुर्बिणीत आत एक काळी टिकली आहे. ती बरोबर ताऱ्यावर आणायची. तारा झाकला की धूर दिसतो."

"टिकली चिकटवली कशाला?"

"एका दांडीला. आणि अडचण दांडीचीच आहे. दांडीच्या मागचंही काही दिसत नाही."

नलूकाकींनी एक चमचा उचलला आणि पालथ्या वाटीवर आडवा ठेवला. "मग दांडी धुरावर येणार नाही अशी धरायची. ह्यात काय आहे एवढं?"

"काकी, एवढंच सांगायला ताईने अठरा पानांचा अर्ज लिहिला."

"मला विचारायचं होतं."

"आणि टिकली लावली तरी थोडा उजेड सांडतोच. म्हणून दुसरी चकर आपण शेजारच्या एका साध्या ताऱ्यासाठी वापरतो. तसाच दिसणारा, पण धूर नसलेला. त्याचा सांडलेला उजेड मोजायचा आणि ह्याच्यातून वजा करायचा. उरला तो धूर."

"आधी रिकामं पातेलं तोलायचं, मग दुधासकट."

मी हात जोडले. आमच्याकडे हे समजायला लोकांना दोन सत्रं लागतात.

तेवढ्यात आतून, मुदपाकखान्यातून, कुणीतरी खणखणीत ओरडलं, "मीठ पडलं!"

"अरे बापरे," मी म्हणालो. "झाडू आणू का?"

"गप बस. आमटीत पडलं. माझ्याकडे नियम आहे, मीठ घातलं की मोठ्याने सांगायचं. हं, पुढे."

मी पुढे गेलो. शेंगदाण्याच्या चटणीची चिमूट घेऊन ताटात वाटीच्या दोन्ही बाजूंना तिरकी रेघ ओढली. तबकडी आपल्याला कडेवरून दिसते, त्यामुळे ती रेघेसारखीच दिसणार होती. "ही तबकडी. वर उत्तर. उजवीकडे पूर्व. उत्तरेकडून पूर्वेच्या बाजूला बरोबर पंचेचाळीस अंश कललेली. हा कोन आधीच्या एका रेडिओ दुर्बिणीने मोजून दिलाय, तो पक्का आहे. आता दांडी हिला काटकोनात." मी चमचा फिरवला. चटणी आणि चमचा यांची छान फुली झाली. "दांडीचा हा कोन दुर्बिणीला कळवायचा. तिला चित्र कळत नाही, पूर्व-पश्चिम कळत नाही, वरून डावीकडे किती अंश एवढाच कोन कळतो. झालं. करा सही."

नलूकाकींनी पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि थांबल्या.

"उजवीकडे कुणाच्या?"

"काय?"

"पूर्व उजवीकडे म्हणालास. वाढणाऱ्याच्या उजवीकडे, की जेवणाऱ्याच्या?"

"पूर्व ती पूर्व असते, काकी."

"असं कसं? लिंबू डावीकडे वाढायचं म्हणजे जेवणाऱ्याच्या डावीकडे. मी समोर उभी राहून वाढते, माझ्या ते उजव्या हाताला येतं. नवी बाई कामावर आली की पहिल्या दिवशी अख्खी पंगत उलटी वाढून ठेवते."

"हे नकाशासारखं आहे. शाळेतल्या भूगोलाच्या नकाशात नाही का, पूर्व उजवीकडे?"

"नकाशा जमिनीचा. जमीन वरून बघतात. तू कुठून बघणार?"

मी हसलो. ते हसू माझ्या तोंडावर बराच वेळ राहिलं, कारण ते काढून घ्यायला डोक्यात कुणीच मोकळं नव्हतं.

"खालून," मी म्हणालो.

"मग खालून बघ."

ताट डोक्यावर धरलं असतं तर चटणी केसात पडली असती. म्हणून मीच बाकावर उताणा झोपलो. कॅन्टीनचे बाक उत्तर-दक्षिण मांडलेले होते. डोकं टेकडीकडे म्हणजे उत्तरेला केलं, नजर छताकडे. ज्या खिडकीतून रोज नाश्त्याच्या वेळी ऊन येऊन पोह्यांवर पडायचं, ती खिडकी माझ्या डाव्या हाताला होती.

"ऊठ!" नलूकाकी ओरडल्या. "दक्षिणेकडे पाय करून झोपतोस? जिवंत माणसाने असं झोपायचं का? ऊठ आधी!"

मी उठलो नाही. मला त्या क्षणी एका फार मोठ्या सामाजिक सत्याचा उलगडा झाला होता. आकाशात पूर्व डावीकडे असते हे कळायला माणसाने उत्तरेला डोकं आणि दक्षिणेला पाय करून वर बघावं लागतं. आणि नेमकं तसं आडवं व्हायला महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या बंदी आहे. जे कुणी तसे झोपवले गेले, ते परत येऊन काही सांगण्याच्या स्थितीत नव्हते. ह्यात माझी एकट्याची काय चूक?

मग मला पंचेचाळीस आठवले.

पूर्व उजवीकडे धरली की तबकडी उजवीकडे कलते. खरी तबकडी डावीकडे कललेली. मी दांडी खोट्या तबकडीला काटकोनात ठेवली होती, म्हणजे डावीकडे कललेली. म्हणजे खऱ्या तबकडीवर. थोडी बाजूला नाही, थोडी वर नाही, बरोबर वर. कोन तीस असता तर चूक अर्धवट झाली असती, साठ असता तरी थोडीफार तबकडी डोकावली असती. पंचेचाळीस हा एकच कोन असा आहे जिथे ही चूक शंभर टक्के यशस्वी होते.

"किती वाजले?"

"पाचला पाच कमी. सही करू का नको?"

"करा, काकी. मला समजलं."

"'मला समजलं' मी लिहायचं असतं," नलूकाकी म्हणाल्या आणि सही केली.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन टेबलं, बसणाऱ्यांच्या पाठीला पाठ. एका टेबलाशी शर्वाणीताई बसली होती, दुसऱ्याशी मी. मधे पाच फूट. मी हे अंतर नंतर टेपने मोजलं आहे.

"काय रे, धापा टाकतोयस? कुत्रं मागे लागलं?"

"नलूकाकी."

"सही झाली?"

"झाली." मी खुर्चीत बसलो. "ताई, तू बघितलीस ना फाइल?"

ती क्षणभर थांबली. आज आठवलं की तो क्षण मला फार मोठा वाटतो, पण तेव्हा मी कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघत होतो.

"बघितली की. सकाळीच. छान आहे."

छान आहे! पाच वर्षांची मेहनत मी बरोबर झाकून ठेवली होती आणि हिला छान वाटत होतं. माझ्यावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या माणसाला आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की ताई, मला पूर्व कुठे असते ते माहीत नव्हतं? सातवीच्या पोराला ओरडा बसेल अशी चूक. मी ठरवलं, गुपचूप दुरुस्त करायचं. कुणाला कळायची गरज नाही. पाच मिनिटांचं काम.

दांडीचा कोन काढायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. पूर्व कुठल्या हाताला, ती ओळ त्यात खोल कुठेतरी पुरलेली होती. ती शोधत बसण्यापेक्षा सोपा उपाय होता: पंचेचाळीसच्या आधी उणे चिन्ह टाकायचं. डावं-उजवं आपोआप बदलतं. टाकलं. प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर चित्र आलं.

माझ्या बाजूच्या भिंतीवरच्या फळ्यावर आदल्या दिवशीचं चित्र छापून टाचलेलं होतं, मीच टाचलेलं, कौतुकाने. मी पडदा बघितला, वळून कागद बघितला. दोन्ही सारखीच. तबकडी उजवीकडे कललेली, दांडी डावीकडे.

बदललं नाही? पुन्हा चालवला. तेच. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं.

मी मनात म्हटलं, पडदा जुनंच चित्र दाखवतोय. आमच्या खोलीतली यंत्रं असं करायची. उणे तर मी स्वतःच्या हाताने टाकलं होतं, ते समोर दिसत होतं. मी चिन्हावर विश्वास ठेवला आणि डोळ्यांवर ठेवला नाही. आमच्या धंद्यात ह्याला शास्त्रीय दृष्टी म्हणतात.

"कौस्तुभ, पाच बावीस झाले," ताई पाठमोरीच म्हणाली. "काही बदलतोयस का?"

"नाही."

"नक्की?"

"काहीच नाही, ताई. फक्त नाव तपासतोय."

पाच चोवीसला मी फाइल पाठवली. पाच पंचवीसला दुर्बिणीवाल्यांचं उत्तर आलं: मिळाली, निरीक्षण एकवीस जानेवारी. शर्वाणीताई खुर्ची फिरवून उठली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "टिळेकर साहेब, तुम्ही आता खगोलशास्त्रज्ञ झालात. चला, भजी तुमच्याकडून."

कॅन्टीनमध्ये तिने मला जर्मनीतल्या त्या गावाचं नाव उच्चारायला शिकवलं. मला सहा प्रयत्नांत जमलं नाही. सातव्याला नलूकाकी म्हणाल्या, "घशात भजी अडकली का रे?"

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी अकरा वाजता, सरांच्या खोलीत आम्ही तिघांनी तो फोटो उघडला. शेजारच्या साध्या ताऱ्याचा उजेड वजा केला. सांडलेला सगळा उजेड नाहीसा झाला, फार सुरेख वजाबाकी झाली होती. मधे काळी टिकली. तिच्यातून आरपार जाणारी काळी दांडी. आणि आजूबाजूला, चारही दिशांना, स्वच्छ, निर्मळ, काहीही नाही.

"वा," सर म्हणाले. उपळेकर सर वाईट बातमीला आधी 'वा' म्हणत, मग चष्मा काढत. चष्मा काढला. "घाटपांडे, तबकडी कुठे आहे?"

"असायला हवी, सर."

"असायला हवी ते खरं. अहो टिळेकर, तो कोन काढायचा प्रोग्रॅम उघडा बरं."

मी उघडला. सर खुर्ची पुढे ओढून एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले, भटजी सत्यनारायणाची पोथी वाचतात त्या आवाजात. आणि मधेच थांबले. "पूर्व म्हणजे डावी. बरोबर. छान."

"डावी?" मी म्हणालो. "मी तर उजवी लिहिलं होतं."

मग शर्वाणीताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी बदललं. त्याच दिवशी सकाळी. तू नाश्त्याला गेला होतास."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुझी पहिली फाइल होती. फळ्यावर चित्र लावून बसला होतास. म्हटलं, कशाला."

सरांनी पुढचं पान काढलं. "आणि पंचेचाळीसच्या आधी हे उणे कोणाचं?"

"माझं," मी म्हणालो. "त्याच दिवशी दुपारी."

"मला सांगितलं नाहीस?" आता तिने विचारलं.

"तुझी पाच वर्षं होती, ताई. मी ती उलटी टांगली होती हे कसं सांगणार? म्हटलं, कशाला."

सरांनी चष्मा पुसला, घातला, आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे तिने सरळ केलं, आणि तुम्ही पुन्हा उलटं केलंत. दोघांनी एकमेकांचा मान राखला. वा."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. शर्वाणीताई मात्र विचित्र आवाज काढू लागली. आधी वाटलं रडतेय. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तर तिने तो ढकलला आणि टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. हसता हसता म्हणाली, "बरोबर वर, कौस्तुभ! एक अंशही इकडे-तिकडे नाही!" मग काही वेळाने ती खरंच रडली, पण तोवर आम्हाला फरक कळेनासा झाला होता.

दुपारी हे सगळं नलूकाकींना सांगावं लागलं, कारण त्यांची सही होती. त्यांनी पोळपाटावरचा हात न थांबवता ऐकून घेतलं.

"म्हणजे आमटीत मीठ दोघांनी घातलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि ओरडलं कुणीच नाही."

"नाही."

"पाच वर्षं शिकता ना रे इथे?" त्या म्हणाल्या. "मी नव्या बाईला पहिल्या दिवशी शिकवते."

पुढचं थोडक्यात सांगतो. पुन्हा वेळ मागितला तर रांगेत दोन वर्षं गेली असती. तेव्हा शर्वाणीताई त्या रिकाम्या फोटोसमोर तीन आठवडे बसली आणि एक दिवस म्हणाली, "दांडीच्या दोन्ही अंगांना काहीच दिसत नाही. कणभरसुद्धा नाही. म्हणजे तबकडी दांडीच्या रुंदीपेक्षा बारीक आहे." कुणाला एवढी बारीक तबकडी अपेक्षित नव्हती. हे तिने चाळीस पानांत सिद्ध केलं. जगात आजवर कुणीही दांडी मुद्दाम तबकडीवर ठेवलेली नसल्यामुळे हे मोजमाप आधी कुणाकडे नव्हतं. तोंडी परीक्षेला बंगळूरहून आलेल्या बाईंनी विचारलंच, "दांडी तिथेच ठेवण्यामागचा विचार काय होता?"

"विचार दोन होते, मॅडम," ताई म्हणाली. "तीच अडचण झाली."

चाळीस पानांना सहा महिने लागले. त्यासाठी बुरांडेंच्या कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज करावा लागला. 'विलंबाचे कारण' ह्या रकान्यात तिने 'पूर्व दिशा' असं लिहिलं. बुरांडे म्हणाले, वास्तुशास्त्राची कारणं चालत नाहीत, आणि तीन प्रती मागितल्या. मुदतवाढ मिळाली. जर्मनीतली जागा मात्र एप्रिलपासून होती, ती सप्टेंबरपर्यंत कशी थांबेल. ती कुणा दुसऱ्याला गेली.

शर्वाणीताई आता अमरावतीला एका कॉलेजात शिकवते. पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाला उत्तरेकडे डोकं करून मैदानात झोपवते आणि दरवर्षी पालकांची एक तरी तक्रार येते. मी अजून इथेच आहे, त्याच खोलीत. आता इतरांच्या फाइली मी तपासतो. आमच्याकडे नियम झाला आहे: फाइलीतलं एक अक्षर जरी बदललं तरी बदलणाऱ्याने जागेवर उभं राहून "मीठ पडलं!" असं ओरडायचं. पाहुणे दचकतात. गेल्या वर्षी एका परदेशी गटाने मोठ्या दुर्बिणीतून त्या ताऱ्याचा फोटो काढला. तबकडी आहे. पंचेचाळीस अंशांवर, पूर्वेकडे, म्हणजे डावीकडे, सुरीच्या पात्यासारखी बारीक. लेखाच्या शेवटी संदर्भांत घाटपांडे हे नाव आहे. मी ती ओळ ताईला पाठवली. तिचं उत्तर आलं: "बघ, होती ना? काही बदललं नाहीस ना ह्यात?"

मी "नाही" असं लिहिलं. मग बराच वेळ तो शब्द बघत बसलो. आणि मग संस्थेचा छापील नमुना काढून पुढचा अर्ज भरला, तो आजच कार्यालयात दिला आहे.

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,

विषय: दि. १४ ऑक्टोबर रोजीचे सायंकाळी ५ वाजून २२ मिनिटे हे मिनिट परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील मिनिट खाली सही करणाऱ्याच्या ताब्यात असताना त्याने ते "नाही" असे बोलून वाया घालवले. सदर मिनिटात सहकारी पाच फुटांवर बसलेली होती व तिने स्वतःहून दोनदा विचारणा केली होती, हे अर्जदारास मान्य आहे. तरी ते मिनिट अर्जदारास एकदाच, वापरून त्वरित परत करण्याच्या अटीवर, उपलब्ध करून देण्यात यावे. अर्जदार त्यात कोणत्याही यंत्रास हात लावणार नाही. केवळ जागेवर उभा राहून दोन शब्द मोठ्याने बोलेल आणि खाली बसेल.

कळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
कौस्तुभ टिळेकर

सोबत: तीन प्रती.